नेत्रचिकित्सा उपकरणांची विक्री : कागद पक्का, तरच व्यवहार पक्का

प्रतिनिधी

समजा, तीस वर्षे चालविलेला डोळ्यांचा दवाखाना बंद करून पुण्यातील एक ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञ निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडील स्लिट लॅम्प, ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, डोळ्याचा दाब मोजणारा टोनोमीटर, ए-स्कॅन, फेको मशीन आणि शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक हे सारे तालुक्याच्या गावी नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या एका तरुण डॉक्टराला देण्याचे ठरते. दोघेही एकाच महाविद्यालयाचे विद्यार्थी. ‘सर, आपल्यात कागद कशाला?’ असे तरुण डॉक्टर म्हणतो आणि सरांनाही ते पटते. धनादेश दिला जातो, टेम्पो भरला जातो. दोन महिन्यांनी बँकेचे अधिकारी दारात उभे राहतात, कारण फेको मशीनवरील कर्ज पूर्ण फिटलेलेच नसते. सरांनी ते लपविलेले नसते. ते विसरलेले असतात. पण आता यंत्र कोणाचे, पैसे कोणी कोणाला परत करायचे आणि दरम्यान ठरलेल्या शस्त्रक्रियांचे काय, या प्रश्नांना उत्तर देणारा एकही कागद कोणाकडेच नसतो.

उदाहरण कल्पित असले तरी असा व्यवहार होणे अवघड नाही. दवाखान्याची जागा विकताना वकील, शोध अहवाल, दुय्यम निबंधक हे सारे सोपस्कार आपोआप होतात. त्या जागेतील लाखो रुपयांची यंत्रे मात्र जुने कपाट विकावे तशी विकली जातात. नेत्रचिकित्सेच्या उपकरणाबरोबर खरे तर तीन गोष्टी हातपालट करतात : मालकी, मोजमापाची अचूकता आणि यंत्राच्या स्मृतीत साठलेली रुग्णांची माहिती. विक्रीच्या कागदपत्रांत या तिन्हींची नोंद असावयास हवी. ती कशी करावी, याचा हा आढावा.

कायद्याची चौकट

वैद्यकीय उपकरणे ही जंगम मालमत्ता. तिच्या विक्रीला मालविक्री कायदा, १९३० लागू होतो. या कायद्याच्या पाचव्या कलमानुसार विक्रीचा करार तोंडीही होऊ शकतो. म्हणजे कागद नसला तरी व्यवहार अवैध ठरत नाही. तो सिद्ध करणे तेवढे कठीण होते. नोंदणी कायदा, १९०८ नुसार अशा दस्ताची नोंदणीही सक्तीची नाही. कलम १८ अन्वये ती ऐच्छिक आहे.

मालकी केव्हा बदलते, हा कळीचा मुद्दा. निश्चित केलेल्या वस्तूच्या बाबतीत उभय पक्षांचा जो इरादा असेल, त्या वेळी मालकी बदलते, असे कलम १९ सांगते. वेगळे काही ठरलेले नसेल, तर मालकीबरोबर जोखीमही खरेदीदाराकडे जाते, असे कलम २६ सांगते. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला टेम्पो खंबाटकी घाटात उलटला आणि सूक्ष्मदर्शक फुटला, तर नुकसान कोणाचे? पैसे दिले तेव्हा मालकी बदलली, की यंत्र नव्या जागी बसवून चालू झाले तेव्हा, यावर हे उत्तर अवलंबून आहे. एका वाक्याने मिटणारा हा वाद आहे. ते वाक्य करारपत्रात असले पाहिजे आणि वाहतुकीचा विमा कोणी उतरवायचा, हेही त्याच परिच्छेदात लिहिलेले असावे.

विक्रेता खरोखरच मालक आहे काय?

जो मालक नाही, त्याच्याकडून घेणाऱ्याला विक्रेत्याहून अधिक चांगला हक्क मिळत नाही, हे कलम २७ मधील मूळ तत्त्व. म्हणून सर्वप्रथम मूळ खरेदीचे बिल पाहावे. ते डॉक्टरांच्या वैयक्तिक नावे आहे, भागीदारी संस्थेच्या, कंपनीच्या की विश्वस्त संस्थेच्या, हे तपासावे. भागीदारीची मालमत्ता असेल तर सर्व भागीदारांची स्वाक्षरी, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि विश्वस्त संस्था असेल तर विश्वस्तांचा ठराव घ्यावा. डॉक्टरांच्या निधनानंतर पत्नी किंवा मुले उपकरणे विकत असतील, तर मृत्यूच्या दाखल्याबरोबर सर्व वारसांची लेखी संमती आवश्यक समजावी. दुःखाच्या त्या दिवसांत अशी मागणी करणे अवघड वाटते. परंतु पुढे परदेशातील मुलाने आक्षेप घेतल्यावर उभा राहणारा प्रसंग त्याहून अवघड असतो.

वैद्यकीय यंत्रे अनेकदा कर्जावर घेतली जातात. अशा कर्जात यंत्र बँकेकडे नजरगहाण असते : ताबा डॉक्टरांकडे, हक्क बँकेकडे. त्यामुळे यंत्र दवाखान्यात दिसते, यावरून ते निर्वेध आहे असे मानता येत नाही. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला किंवा कर्ज चालू असल्यास विक्रीस ना-हरकत दाखला मागावा. जंगम मालमत्तेवरील बोजांची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणी संस्थेकडे होते. ठरावीक शुल्क भरून तेथे शोध घेता येतो. यंत्र भाडेपट्ट्याने घेतलेले असेल, तर ते विकण्याचा अधिकार डॉक्टरांना मुळातच नसतो.

आयात यंत्रांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. काही रुग्णालये निर्यात प्रोत्साहन भांडवली वस्तू योजनेखाली सीमाशुल्काच्या सवलतीत यंत्रे आणतात. अशा यंत्रावर निर्यातीचे दायित्व असते आणि ते पूर्ण झाल्याचा दाखला मिळण्यापूर्वी ते विकता येत नाही. म्हणून आयात यंत्राबरोबर बिल ऑफ एंट्रीची प्रत मागावी आणि ते कोणत्या योजनेखाली आले, हे लिहून घ्यावे.

प्रत्येक यंत्राची स्वतंत्र नोंद

‘दवाखान्यातील सर्व उपकरणे एकरकमी’ ही भाषा पुढील वादाचे मूळ ठरते. करारपत्राला परिशिष्ट जोडून प्रत्येक यंत्राची स्वतंत्र ओळ असावी. तीत यंत्राचे नाव, उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीचे वर्ष, सद्यःस्थिती आणि ठरलेली किंमत असावी. अनुक्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र काढून ते परिशिष्टाला जोडावे.

यंत्रागणिक काय लिहावे, हे थोडे वेगळे असते. फेको मशीनच्या बाबतीत हँडपीस किती, त्यांचे स्वतंत्र अनुक्रमांक कोणते, पायपट्टी व नळ्यांचे संच सोबत आहेत काय, हे नोंदवावे. यंत्र एकूण वापराचा हिशेब ठेवत असेल, तर तो आकडाही लिहावा. याग लेझर यंत्रात किती स्पंद सोडले गेले याची गणना असेल, तर तो आकडा मोटारीच्या किलोमीटरइतकाच बोलका असतो. ओसीटी यंत्राच्या बाबतीत संगणकप्रणालीचा परवाना नव्या मालकाच्या नावे होतो काय, हे उत्पादकाच्या प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे. परवान्याविना यंत्र म्हणजे नुसती पेटी. त्याला जोडलेला संगणक विंडोज ७ किंवा विंडोज १० वर चालत असेल, तर त्या प्रणालींचा सर्वसाधारण पाठिंबा अनुक्रमे जानेवारी २०२० आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, हेही किंमत ठरविताना लक्षात घ्यावे.

मुंबई व कोकणाच्या दमट हवेत स्लिट लॅम्प आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते. ती वरवर पाहता दिसत नाही. भिंगांची तपासणी कोणी, कोणत्या तारखेस केली, याची ओळ परिशिष्टात असावी.

मोजमापाचा दाखला

नेत्रचिकित्सेतील बहुतेक यंत्रे मोजमापाची आहेत. आणि चुकीचे मोजणारे यंत्र बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अधिक घातक असते. बंद यंत्र निदान डॉक्टरांना थांबविते.

ए-स्कॅनने नेत्रगोलकाची लांबी मोजून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या कृत्रिम भिंगाचा क्रमांक ठरविला जातो. सरासरी डोळ्याच्या बाबतीत या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या क्रमांकात सुमारे अडीच डायॉप्टरचा फरक पडतो. ‘ऑपरेशननंतर नंबर लागणार नाही’ या आशेने आलेल्या रुग्णाला जाड चष्मा लागतो आणि दोष डॉक्टरांच्या हाताला दिला जातो. टोनोमीटरचेही तसेच. काचबिंदू बहुधा दुखत नाही, दिसत नाही, आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. दाब काही अंकांनी कमी दाखविणारे यंत्र एखाद्या रुग्णाला औषधाविना घरी पाठवू शकते.

म्हणून विक्रीपूर्वी यंत्राची अचूकता तपासून घेऊन तिचा दाखला परिशिष्टाला जोडावा. गोल्डमन टोनोमीटर त्याच्यासोबत मिळणाऱ्या दांडीने ०, २० व ६० या बिंदूंवर तपासता येतो. हे काम काही मिनिटांचे आहे आणि ते उभयतांसमक्ष करता येते. ए-स्कॅन त्याच्यासोबतच्या चाचणी-नमुन्यावर तपासावा. इतर यंत्रांसाठी उत्पादकाच्या सेवा-अभियंत्याचा तारखेसह अहवाल घ्यावा. नव्या जागी यंत्र बसविल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी, कारण प्रवासात बसलेले धक्के जुन्या दाखल्यात दिसत नाहीत. दुसऱ्या तपासणीचा खर्च कोणाचा, हेही आधीच ठरवावे.

यंत्राच्या स्मृतीतील रुग्ण

ओसीटी, फंडस कॅमेरा, दृष्टिक्षेत्र तपासणीचे यंत्र यांत रुग्णांची नावे, वये, दूरध्वनी क्रमांक आणि नेत्रपटलाची चित्रे वर्षानुवर्षे साठलेली असतात. यंत्र विकले म्हणून ही माहिती विकण्याचा अधिकार डॉक्टरांना मिळत नाही. मात्र ती घाईने पुसून टाकणेही योग्य नव्हे. काचबिंदू वाढतो आहे की थांबला, हे जुन्या व नव्या तपासण्या शेजारी ठेवूनच कळते. जुनी चित्रे नष्ट झाली, तर त्या रुग्णाची तुलना शून्यापासून सुरू होते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा डिजिटल कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची योजना आहे. तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी सर्व माहितीची प्रत स्वतंत्र साठवणीत घ्यावी, ती उघडते याची खात्री करावी, रुग्णांना त्यांचे अहवाल नेण्याची सूचना दवाखान्यात लावावी आणि मगच सेवा-अभियंत्याकडून यंत्रातील माहिती कायमची पुसून तसा दाखला घ्यावा. नुसते ‘डिलीट’ केल्याने माहिती जात नाही. पुसताना यंत्राची मूळ प्रणाली व परवाना शाबूत राहील, याचीही काळजी घ्यावी. रुग्णांच्या नोंदी खरेदीदाराकडे सोपवावयाच्या असतील, तर तो वेगळा विषय आहे. रुग्णांची संमती घेऊन त्यासाठी स्वतंत्र कागद करावा.

‘जसे आहे तसे’ म्हणजे काय?

जुन्या यंत्राच्या विक्रीत ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द हमखास येतात. कलम १६ नुसार मालाच्या दर्जाबाबत खरेदीदारानेच सावध असावे, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि त्याला काही अपवादही आहेत. कायद्याने गृहीत धरलेल्या हमी कराराद्वारे बदलता येतात, असे कलम ६२ सांगते. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७ नुसार केवळ मौन ही सहसा फसवणूक ठरत नाही. परंतु माहीत असलेला दोष सक्रियपणे झाकणे ही फसवणूक ठरते. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे : खरेदीदाराने विचारावे आणि विक्रेत्याने लिहून द्यावे. आजवरच्या दुरुस्त्या, बदललेले सुटे भाग, ज्ञात दोष यांची यादी स्वाक्षरीनिशी जोडली, तर ती दोघांचेही रक्षण करते. दोष सांगून विकणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांकडे नंतर कोणी बोट दाखवू शकत नाही.

वार्षिक देखभाल करार आणि उरलेली हमी नव्या मालकाच्या नावे होते काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. उत्पादकाने त्या मॉडेलचे सुटे भाग पुरविणे थांबविले असल्यास तेही नमूद करावे.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केवळ यंत्रे विकत घेतल्याने विक्रेत्याला त्याच परिसरात पुन्हा व्यवसाय करण्यापासून रोखता येत नाही. करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसायबंदीचा करार निरर्थक ठरतो. व्यवसायाचा नावलौकिक विकला असेल तरच, आणि वाजवी मर्यादेतच, त्याला अपवाद आहे. नावलौकिकही घ्यावयाचा असेल, तर त्याची किंमत यंत्रांच्या किमतीपासून वेगळी दाखवावी.

पैसा, कर आणि मुद्रांक

रक्कम बँकेमार्फतच द्यावी. एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा अधिक रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे आणि उल्लंघन झाल्यास स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुकड्यांत घेतली तरी व्यवहार एकच मानला जातो. इसाराची रक्कम, उर्वरित रकमेच्या तारखा आणि धनादेश न वटल्यास पुढे काय, हे करारपत्रात असावे.

डॉक्टरांनी ज्या यंत्रांवर घसारा घेतला आहे, त्यांच्या विक्रीची रक्कम त्या गटाच्या शिल्लक मूल्यातून वजा होते. रक्कम शिल्लक मूल्याहून अधिक झाली, किंवा गटातील सर्वच यंत्रे विकली गेली, तर अल्पकालीन भांडवली नफ्याचा वा तोट्याचा प्रश्न येतो. दवाखाना पूर्ण बंद करणाऱ्यांनी तर विक्रीपूर्वीच सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याची कलमे लागू होण्याची तारीख असल्याने जुन्या नमुन्यातील कलम-क्रमांक तसेच उतरवू नयेत.

वैद्यकीय सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने केवळ रुग्णसेवा करणारे डॉक्टर सहसा या कराखाली नोंदणीकृत नसतात. दवाखान्याला जोडून चष्म्याचे दुकान असेल, तर चित्र बदलते. नोंदणीकृत व्यक्तीने ज्या यंत्रावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले, ते विकताना उरलेले क्रेडिट किंवा विक्रीकिमतीवरील कर यांपैकी जी रक्कम अधिक, ती भरावी लागते. त्यासाठी रीतसर कर-बिल लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नेत्रतपासणीच्या यंत्रांसह वैद्यकीय उपकरणांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला; जुन्या यंत्राची किंमत ठरविताना नव्याची किंमत आजच्या दराने पाहावी.

मुद्रांक किती, हे दस्ताच्या स्वरूपावर ठरते. दस्तानेच मालकी हस्तांतरित होते, की तो केवळ ठरलेल्या व्यवहाराची नोंद आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. अनेक सर्वसाधारण करारपत्रांसाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. मात्र आपला दस्त कोणत्या सदरात बसतो, हे मसुदा करणाऱ्या वकिलांकडूनच ठरवून घ्यावे.

यादीत काय नसावे

यंत्रांच्या यादीत औषधे, उरलेली कृत्रिम भिंगे, शस्त्रक्रियेतील जेल यांचा साठा घालू नये. त्यांच्या विक्रीला स्वतंत्र परवान्याची चौकट आहे. यंत्रे व्यापाऱ्यामार्फत विकत घेतली जात असतील, तर वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीसाठी लागणारे नोंदणी प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे काय, हे विचारावे. शुश्रूषागृहाची नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र यंत्रांबरोबर हस्तांतरित होत नाही. खरेदीदाराला ते स्वतः घ्यावे लागते. विकलेच जाणार नाही असे यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणांचाही समावेश असल्याने ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे आणि पावती जपावी.

फाइलमध्ये हे कागद हवेत

१. मूळ खरेदीचे बिल. आयात यंत्र असल्यास बिल ऑफ एंट्री.
२. कर्जफेडीचा किंवा ना-हरकतीचा बँकेचा दाखला व सेरसाईचा शोध.
३. भागीदार, संचालक, विश्वस्त किंवा वारसांची संमती.
४. विक्रीचे करारपत्र आणि अनुक्रमांकासह यंत्रांचे परिशिष्ट.
५. अचूकता तपासणीचे दाखले, दुरुस्त्यांची व ज्ञात दोषांची यादी.
६. रुग्णांची माहिती पुसल्याचा दाखला.
७. प्रणालीचा परवाना व देखभाल कराराच्या हस्तांतरणाचे कंपनीचे पत्र.
८. रकमेच्या पावत्या आणि लागू असल्यास कर-बिल व ई-वे बिल.
९. ताबापावती.

यांतील शेवटचा कागद सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित. कोणते यंत्र, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या स्थितीत, कोणाच्या हाती दिले, हे लिहून दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षऱ्या केल्या की ताबापावती पूर्ण होते. यंत्रासोबतच्या चाव्या, सांकेतिक शब्द, माहितीपुस्तिका आणि सुटे दिवे यांचाही तीत उल्लेख असावा. सर्व कागदांच्या दोन प्रती काढून दोघांनीही त्या जपाव्यात. प्राप्तिकराची चौकशी किंवा रुग्णाची तक्रार वर्षांनंतरही येऊ शकते.

गुरु-शिष्याच्या नात्यात कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या व्यवहाराला एक तिसरा पक्षही असतो आणि तो स्वाक्षरीला हजर नसतो. पुढच्या महिन्यात त्या स्लिट लॅम्पपुढे हनुवटी टेकवून बसणारा रुग्ण यंत्र कोठून आले, हे कधी विचारणार नाही. त्याच्या वतीने विचारण्याची संधी विक्रीच्या दिवशीच असते.